प्रमिलाकाकूंचा उंबर

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या दोन खोल्या सोडून प्रमिलाकाकू १९८७ साली बदलापुरात राहायला आल्या, तेव्हा नव्या घराच्या अंगणात एक अनोळखी झाड आधीपासूनच उभं होतं. मोरेश्वरकाकांना ते तोडून तिथे स्कूटरसाठी पत्र्याची शेड घालायची होती. काकूंना सावली हवी होती, पण तसं सांगून काका ऐकणार नव्हते. म्हणून त्या म्हणाल्या, "हा उंबर आहे. दत्ताचं झाड कोणी तोडतं का?" आणि रोज तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला घालू लागल्या.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, ही त्यांची सवय. "पान तोडून बघू. उंबर असेल तर पांढरा चीक येईल."

पण काका अंधारातच कामाला निघायचे आणि घरी यायचे दिवेलागणीनंतर. "आता झाड झोपलंय, हात लावू नका," काकू म्हणत. सुट्टी असायची गुरुवारी. "दत्ताच्या वारीच पान तोडताय?" असं वर्षभर चाललं.

शेवटी कारखान्याची सुट्टी बदलून रविवारची झाली. काकांनी सकाळीच पान तोडलं. चिकाचा थेंबही आला नाही. त्यांनी हसत कोयता उचलला.

"बरं, उंबर नाही," काकू शांतपणे म्हणाल्या. "मग कुठलं झाड आहे?"

"मला काय माहीत?"

"अहो, दत्ताचं नाही, पण शंकराचं निघालं म्हणजे?"

काकांनी कोयता खाली ठेवला. मग ते पान घेऊन शेजाऱ्यांना नाव विचारायला गेले. काकूंनी झाडाखाली चटई अंथरली आणि मेथी निवडायला घेतली.