सुनंदाची पाटी

सुनंदा पराते गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात कुणावर तरी ओरडत होते. कुणावर, ते आता आठवत नाही. खाप्याहून, तिच्या गावाहून, तिचा भाऊ बोलत होता. "ताई गेली, मॅडम. सकाळी चहा मागितला अन्..." मी फोन ठेवला आणि तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "अगं, पुढच्या रविवारी अपग्रेड आहे ना!" मैत्रीण गेल्यावर माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. दीड महिना झाला, अजून लाज वाटते. सुनंदाला मात्र हसू आवरलं नसतं.

नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघी एकोणीस वर्षं शेजारी बसलो. मी जावा या संगणकभाषेवाली, ती विंडोजवाली. वॉर्डातून रक्ताची मागणी आधी माझ्या सर्व्हरवर यायची आणि तळमजल्यावरच्या रक्तपेढीत सुनंदाचा प्रोग्राम पिशवी शोधून लेबल छापायचा. या दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, म्हणून मध्ये एक दुभाष्या बसवलेला. आमच्या धंद्यात त्याला मिडलवेअर म्हणतात. माझी एकच तक्रार असायची. माझा सर्व्हर क्षणात निरोप धाडायचा, आणि तिच्याकडून उत्तर यायला कधी अर्धं मिनिट, कधी त्याहून जास्त. "तुझं विंडोज झोपा काढून राहिलं वं! माझा सर्व्हर वाट पाहून पाहून थकला." ती डब्यातली जवसाची चटणी माझ्याकडे सरकवायची. "थकू दे. बसूनच तर आहे, त्याले का दगडं फोडा लागते?" मी चिडायचे आणि चटणी संपवायचे. शनिवारी जेवण झालं की ती खाली रक्तपेढीत जाऊन बसायची. "चाल ना वं." "काहून? काय आहे तिथं?" "माणसं आहेत." मी एकदाही गेले नाही. माझी खुर्ची एसीखालची होती, आणि मला वाटायचं ही तिथे चहा प्यायला जाते.

मग तिचं आजारपण निघालं आणि त्याच सुमारास आमचा दुभाष्याही म्हातारा झाला. त्या आवृत्तीला आता कुणी विचारत नव्हतं, नवी बसवणं भाग होतं. साहेब म्हणाले, कशाला एवढा खटाटोप, तो जुना विंडोजचा प्रोग्रामच काढून टाका, बाहेरून तयार घेऊ. मी भांडले. खूप भांडले. शेवटी एक रविवार मिळाला: संध्याकाळी पाचपर्यंत सगळं चाललं तर ठीक, नाहीतर सुनंदाचा प्रोग्राम बंद. हे सांगायला मी खाप्याला गेले. ती अंगणात खुर्चीवर बसून सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. हात काड्यांसारखे झाले होते... "माझं पोट्टं घराबाहेर काढू देऊ नको वं," आपल्या प्रोग्रामबद्दल एवढंच म्हणाली. मी म्हटलं, नाही काढू देत. तेच आमचं शेवटचं बोलणं.

त्या रविवारी सकाळी नवी आवृत्ती बसवली आणि खोटी मागणी पाठवून पाहिली. उत्तर नाही. दुसरी पाठवली, तिसरी, अकरावी. कुठे चूक नाही, तक्रार नाही, सगळं नुसतं गप्प. तीन वाजले तशी मी रिकाम्या ऑफिसात ओरडले, "सुनंदा, काय करून ठेवलं वं हे! सांगून तरी जायचं!" आणि मग रडले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच, अगदी हुंदके देऊन. तोंड धुऊन खाली रक्तपेढीत फोन लावला. तिथले जुने टेक्निशियन निखारेभाऊ ड्युटीवर होते. "काही दिसून राहिलं का भाऊ, स्क्रीनवर?" "नाही मॅडम. पाटीच नाही आली ना अजून." "कोणती पाटी?" "सुनंदाबाईची... तुमाले माहीत नाही?"

मी खाली गेले. निखारेभाऊंनी सांगितलं. लेबल छापण्याआधी दर वेळी स्क्रीनवर चौकट येते, तीच पाटी: "पेशंटचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं का?" वाचायचं, मग 'होय' दाबायचं. "एक डाव माझ्याच हातून दोन पिशव्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. बाई इथंच बसून होत्या, त्याहिनंच पकडली. कोणाले सांगितलं नाही. सोमवारी पाटी आली." म्हणजे इतकी वर्षं माझा सर्व्हर थांबत होता तो कुणीतरी एक नाव वाचून होईपर्यंत. आणि मी त्याला झोपा म्हणत होते! नवी आवृत्ती प्रोग्रामला पडद्याआड चालवते, जिथे काय उमटलं ते कुणालाच दिसत नाही. तो लपलेला पडदा मी उघडला. एकावर एक अकरा पाट्या. अकराही वेळा ती विचारत होती आणि कुणी उत्तर देत नव्हतं.

तो प्रश्न काढून टाकणं पाच मिनिटांचं काम होतं. प्रोग्राम वाचला असता, वर वेगही वाढला असता, साहेब खूश. पण मग वाचवलं काय असतं मी? प्रश्न तिथून उचलून काउंटरच्या स्क्रीनवर आणायला बसले. पाचला साहेबांचा फोन आला. मी आयुष्यात कधी कुणाची विनवणी केली नाही, त्या दिवशी म्हटलं, "पाया पडते साहेब, अर्धा तास द्या." दिला त्यांनी.

शेवटची चाचणी घेताना पेशंटचं नाव हवं होतं. बोटांनी तिचंच टाकलं. काउंटरवर पाटी उमटली. निखारेभाऊ चष्मा सावरून मोठ्यानं वाचायला लागले, "सुनंदा..." आणि माझ्याकडे बघू लागले. "पराते," मी म्हटलं. त्यांनी 'होय' दाबलं. लेबल सरसर बाहेर आलं. ते त्यांनी तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरलं. "ठेवून घेता का, मॅडम?" माझा हात पुढे गेलासुद्धा होता... "फाडा भाऊ. पेशंटाविना लेबल पडून राहिलेलं कळलं, तर ती आपल्या दोघांले सोडणार नाही." ते कसंबसं हसले. आणि फाडण्याआधी, पाटीनं विचारलं नव्हतं तरी, त्यांनी ते पूर्ण नाव पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं.