बहिरं यंत्र

“ऐकू येतंय म्हणून ऐकायचंच, असं न्हाई,” गुरुराजअण्णा एकदा म्हणाले होते.

त्यांचं अर्धं आयुष्य बसवकल्याणच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलं. परगावचा ट्रंक कॉल जोडायचा आणि बोलणं सुरू झालं की कानावरचा हेडफोन सरकवायचा. ते खरंच सरकवत की नाही, हे गावाला कधी कळलं नाही. निवृत्तीनंतर बरोबरीचे लोक देवळाच्या कट्ट्यावर बसले. अण्णा पोरासारख्या उत्सुकतेनं जुने कॉम्प्युटर उघडत बसले.

विनीतानं त्यांना बोलावलं ते नाइलाजानं. बसस्टँडमागच्या खोलीत ती वकिली सांभाळून बायकांसाठी सल्ला केंद्र चालवायची. बायकांनी सांगितलेलं ती आणि तिची सहकारी शैलश्री इंटरनेटवरच्या एका सामायिक फाइलमध्ये लिहीत. ती फाइल कुठून तरी फुटली. हुमनाबादची यल्लम्मा घरी पोचण्याआधी तिची गोष्ट सासरी पोचली. तेव्हापासून बायका यायच्या, पाणी प्यायच्या, इकडचं तिकडचं बोलून उठायच्या.

अण्णांनी कोपऱ्यात एक कॉम्प्युटर मांडला आणि त्यावर वेगळंच सॉफ्टवेअर बसवलं. दोघींनी एकत्र लिहावं, पण लिहिलेलं कुलूप लागूनच यंत्रात उतरावं. यंत्र सांभाळणाऱ्यालाही ते वाचता येऊ नये. विनीताला हे खरं वाटेना. तिनं दोन ओळी लिहिल्या. अण्णांनी आपल्या बाजूनं तीच जागा उघडून दाखवली. पडद्यावर नुसती सांडलेली अक्षरं.

तरीही ती चुकली, आणि चुकली ती गावच्या रीतीनं. इथं घराला कुलूप घातलं की दुसरी किल्ली शेजारी ठेवतात; न ठेवली तर शेजाऱ्याच्या मनाला लागतं. तिनं आपला पासवर्ड अण्णांना सांगून टाकला. “मी विसरले तर तुम्ही हावच की.”

अण्णांनी तिचं खातं पुसलं. नवं उघडायला लावलं आणि ती टाइप करीपर्यंत भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. विसरलीस तर गेलं, देव आला तरी उघडणार न्हाई, एवढं मात्र बजावलं.

त्या पाठमोऱ्या माणसाकडं बघताना विनीताच्या मनातला जुना किडा वळवळला. ती शाळेत असताना तिच्या वडिलांनी, आप्पांनी, एक्सचेंजमध्ये जाऊन सोलापूरला आत्याशी बोलणं केलं होतं. परत आले ते गप्प. पुढं आत्याचं नाव घरात कुणी काढलं नाही. वडील गेले, आत्या गेली. तिचं टाइप करून झालं, आणि तो कॉल जोडणारा माणूस आता तिच्या टेबलाखाली वायर ओढत होता.

“अण्णा, आप्पांनी सोलापूरला लावलेला कॉल तुम्ही ऐकलाच असणार.”

टेबलाखालचे हात थांबले.

“आता दोघंबी न्हाईत. कुणाचं काय बिघडणार हाय? आत्या कामून तुटली, तेवढं सांगा.”

अण्णांनी मान वर केली. त्यांना आठवत होतं. एवढं तिला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. त्यांचे ओठ हलले.

तेवढ्यात दार वाजलं. यल्लम्मा उभी होती, चपला काढाव्या की माघारी फिरावं अशा विचारात. कोपऱ्यातल्या यंत्राकडं तिनं बघितलंही नाही. तिनं अण्णांकडं बघितलं.

“हे बाबा ऐकतेत का?”

विनीताही अण्णांकडं बघत राहिली.

अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. स्क्रूड्रायव्हर तिथंच राहिला. यल्लम्माला वाट देऊन त्यांनी चपलांत पाय सरकवले, बाहेरून दार ओढून घेतलं आणि ते निघून गेले.