साडूभाऊंचं वजन

हेडक्लार्कला एकोणतीस वर्षांच्या नोकरीत एकच पोटदुखी होती, धाकटा साडू. हेडक्लार्क स्वतः परीक्षा देऊन, खर्डेघाशी करत खात्यात टिकला. साडू मंत्र्यांच्या ओळखीने थेट सल्लागार होऊन वरच्या मजल्यावर बसला. गाडी, शिपाई, दारावर पाटी. बायको काही बोलत नसे, पण बहिणीकडून आली की दोन दिवस तिला घरातले पडदे जुने वाटायचे. हेडक्लार्क जळायचा, आणि आपण जळतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मंत्री बदलले तसा साडूही निघाला, एका बड्या कंपनीत. जाणाऱ्या सल्लागारांकडून हमीपत्र घेणं हेडक्लार्कचंच काम: दोन वर्षं जुन्या खात्यात कुणासाठीही रदबदली करायची नाही. इतरांपुढे तो कागद नुसता सरकवायचा. साडूला मात्र त्याने एकेक कलम वाचून दाखवलं. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं.

वर्षभराने साडू घरी आला. कंपनीचा परवाना अडला होता.

"मला तर तिथं पाऊल ठेवता येत नाही, साडूभाऊ," तो म्हणाला. "पण सचिव तुमचा शब्द खाली पडू देणार नाहीत. खात्यात खरं वजन तुमचं."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिच्यासमोर त्याच्याबद्दल असं कुणी कधी बोललंच नव्हतं. साडू हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय हे कळत असूनही हेडक्लार्क चढला. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याने सचिवांकडे परवान्याचा विषय काढला.

संध्याकाळी टेबलावर नोटीस आली: कुणाच्या सांगण्यावरून बोललात, लेखी कळवा. तीन महिन्यांनी त्याची अधीक्षकपदाची बढती होती, निवृत्तीआधीची शेवटची. साडूचं नाव लिहा, तुम्हाला नुसती समज देऊन सोडतो, असं सचिवांनी बोलावून सांगितलंही.

इतकी वर्षं हवं होतं ते आयतं हातात आलं होतं. त्याने लिहिलं, 'माझ्या साडूंनी मला पाठवलं'. मग ते वाचलं. म्हणजे आपल्याच खात्यात, आपल्याच अक्षरात, तो साडूचा निरोप्या. त्याने कागद फाडला आणि नव्यावर लिहिलं: 'कुणीही सांगितलं नाही. मत माझं स्वतःचं होतं.'

बढती गेली. बहिणीच्या नवऱ्याला वाचवायला यांनी स्वतःचं नुकसान करून घेतलं, असं वाटून बायको रडली. साडूला वाचवण्याचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. पण ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.