बाईंचा गुलाब

माझे काका पोस्टात पत्त्यांप्रमाणे टपाल वेगळं करायचे. पत्ता नसलेलं पाकीट आणि नाव नसलेला गुलाब, दोन्हींनी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. सुटीच्या दिवशी परक्यांच्या कुंपणाशी उभे राहून विचारायचे, "याला काय म्हणता हो तुम्ही?" लोक त्यांना येडे म्हणायचे. आम्ही घरचेही म्हणायचो, खोटं कशाला बोलू?

शाळेमागची जुनी घरं पाडली, तेव्हा तिथल्या एका दाट पाकळ्यांच्या गुलाबाची काडी त्यांनी आणून रुजवली. गल्ली त्याला 'बाईंचा गुलाब' म्हणायची. काका म्हणाले, "हे लाडाचं नाव. पाळण्यातलं कुठाय?"

जुन्या नर्सऱ्यांच्या याद्या धुंडाळण्यात, पत्रं पाठवण्यात अकरा वर्षं गेली. शेवटी एका बंद पडलेल्या नर्सरीच्या मालकाच्या मुलीचं कार्ड आलं. वय शहाऐंशी. 'असा गुलाब वडिलांनी तयार केला होता. नाव मला ठाऊक आहे, पण फुलाचा वास घेतल्याशिवाय सांगणार नाही. फुललं की या.'

त्याच महिन्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि झाड माझ्या हवाली झालं. माझी स्वतःची नर्सरी, वीस वर्षं कलमं बांधलेले हात. मला कोण शिकवणार? जुनं खोड वाळत होतं आणि मातीतून तीन जोमदार फुटवे आले होते. गुलाबाचं कलम जंगली खोडावर बांधतात; कलमाखालचा फुटवा म्हणजे जंगली, दिसला की छाटायचा. छाटले आणि पालापाचोळ्याबरोबर जाळलेही.

काका डोळ्यावरची पट्टी सुटताच कुंडीशी आले. "फुटवे कुठायत?"

"जंगली होते, काढले."

"अरे, कलम कुठे होतं त्याला? काडीचं झाड ते. खालून येईल ते त्याचंच." मग हळूच म्हणाले, "मीच सांगायला हवं होतं."

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. झाड महिन्याभरात गेलं. माझी अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय!

दरवर्षी नर्सरीवाल्याच्या त्या मुलीचं कार्ड यायचं: 'फुललं का?' काका उत्तर लिहायचे: 'यंदा नाही.' माझं नाव त्यांनी कधीच पुढे केलं नाही.

काका गेले त्या वर्षीही कार्ड आलं. खरं काय ते लिहायचंच, असं ठरवून मी त्यांच्या टेबलाशी बसलो. तास गेला. मग लिहिलं, 'यंदा नाही,' आणि खाली काकांची सही केली.