चांदीचं बाळंतपण

आमची गाय चांदी व्याली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठताच येईना. मान कुशीकडे वळवून बसली होती, कान गार पडले होते. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं आणि माझ्या नवऱ्याला समजावलं, "व्याल्यावर अंगातलं सगळं दुधात उतरतं. खाणं कमी पडतं, आतून सूज धरते. काही दिवस जपा हिला."

हे तिच्या अंगावर पोतं घालून तिची मान चोळत बसले. मी महिन्याच्या लेकीला पाजत गोठ्याच्या दारात उभी होते. मुक्या जनावराचा हेवा करावा, हे मलाच कसंसं वाटलं; पण वाटला खरा. असं दुधात उतरत जाणं माझ्याही अंगाला ठाऊक होतं. फक्त ते यांना समजावून सांगणारं कुणी नव्हतं.

"डॉक्टर, हे गाईंनाच होतं का हो?" मी विचारलं.

डॉक्टर हसले. यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. सासूबाईंनी मात्र लेकीला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाल्या, "जा, पड जरा."

मी आत जाऊन पडले. थोड्या वेळाने गोठ्यातून यांचा आवाज आला, "उठलीस! शाब्बास गं माझी बाय!"

इतकं मऊ बोलता येतं यांना, हे मला तेव्हा कळलं.