गळा वेगळा, हात वेगळा

माझ्या चुलत दिरांइतका प्रत्येक गोष्टीचे तुकडे पाडून मोजणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात सापडायचा नाही. जेवायला बसले की म्हणणार, "वैनी, कालवणाला आठ मार्क, भाकरीला तीन." जेवण चांगलं झालंय, एवढ्यावर त्यांचं भागत नाही. म्हशीचंही दूध वेगळं मोजतात, स्वभाव वेगळा. आमच्या म्हशीला स्वभावात एक मिळालाय, आणि तो बरोबर आहे. जाऊबाई गेल्यापासून ते जेवायला माझ्याकडेच असतात. दाढी मात्र फक्त रविवारी करतात, कारण रविवारी दुपारी शेळगावात आमच्या ओसरीवर त्यांचा फाशांचा खेळ बसतो.

खेळ असा. पाच जण बसतात आणि जो तो मनानंच कुणीतरी होतो. कुणी तलवारवाला, कुणी जादूगार, आमचे भावजी शाहीर. ज्याच्या त्याच्या कागदावर अंगच्या गुणांचे आकडे असतात. राक्षस आडवा आला की वीस तोंडांचा फासा टाकायचा, त्यात आपला आकडा मिळवायचा, आणि जमलं की फसलं ते भिगवणचे एक मास्तर सांगणार. खेळ तेच चालवतात. त्यांच्या पुस्तकात गाणं, वाजवणं, नाचणं, गोष्ट सांगणं या सगळ्यांना मिळून एकच आकडा: कला. भावजींना ते झोंबलं. "गळा हाय म्हणून हात चालतो व्हय?" दोन महिने हेच ऐकलं. मास्तर भजनात खरंच गोड गातात. ते शेवटी म्हणाले, "ज्याला सूर कळतो त्याला सगळं जमतं, तात्या. पटत नसंल तर उठा." भावजी म्हणाले, "पोळ्यापत्तुर तुमाला पटवतो. न्हाय पटलं तर उठलोच." मी चहा देत होते. रविवार गेला तर हा माणूस दाढी कशाला करील, एवढंच माझ्या मनात आलं.

पोळ्याच्या मिरवणुकीत बैल आमच्या दारापुढं आले, तसं भावजींनी हलगीवाल्याला आत नेऊन पुरणपोळी खायला बसवलं आणि हलगी मिरवणूक बघायला आलेल्या मास्तरांच्या गळ्यात अडकवली. "सूर कळतो न्हवं? वाजवा." चारचौघांत मास्तर नाही कसं म्हणणार? पत्र्यावर गारा पडाव्यात तशी त्यांनी वाजवली. हलगीच्या ठेक्यावर पाऊल टाकणारा आमचा पुढचा बैल थबकला, मान वळवून त्यानं मास्तरांकडे बघितलं, आणि झूल-बाशिंगासकट रस्त्यातच बसला. मागची सगळी मिरवणूक तुंबली. हलगीवाला हात न धुताच धावत आला. त्यानं चार ठोके दिले आणि बैल उठला.

"निकाल बैलानं दिला," भावजी म्हणाले.

मास्तर घाम पुसत हसले. "मान्य हाय, तात्या. कलेची चार घरं पाडू."

पुढच्या रविवारी मास्तरांनी प्रत्येकाच्या कागदावर चार घरं आखली. जुना आकडा त्यांत वाटायचा होता. भावजी कुस्ती मारलेल्या पैलवानासारखे ऐसपैस बसले होते. थोडं वाजवण्याला दिलं, थोडं नाचण्याला, उरलेलं सगळं गोष्टीला. गाण्याच्या घरात शून्य.

"शाहिराला गाणं न्हाय व्हय?" मी विचारलं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "घरात गाणारी हुती, वैनी. मला शिकायची पाळीच आली न्हाय."

मी भाकऱ्या थापायला उठले. नेहमीसारख्या तीन मार्कांच्याच झाल्या. त्या दिवशी त्यांनी आकडा काही सांगितला नाही. एक भाकरी मात्र जास्तीची मागून घेतली.