लेख आले, दादा मागे राहिला

लग्नानंतर मी पुण्याला निघाले, तेव्हा पांढुर्ण्याच्या स्टेशनवर सगळं घर पोचवायला आलं होतं. माय म्हणाली, "जाऊन राहिली त जा. पण तिकडं आमच्या नावानं रडत नको बसू." मी नेमकी तेच करत बसले. पन्नाशीत तर वेबसाइट काढून जगाला ऐकू जाईल असं रडले.

ती वेबसाइट ज्या कंपनीकडे होती, ती आता दुकान बंद करतेय. म्हणून माझ्या नातीनं, सईनं, सगळे लेख उचलून एका नव्या ब्लॉगवर नेले. "बघ आजी, किती क्लीन दिसतंय!" दिसतंय खरं. दवाखान्यासारखं. प्रत्येक लेखाच्या डोक्यावर 'वाचायला दोन मिनिटं' अशी पाटी, म्हणजे माझं माहेर दोन मिनिटांत उरकायचं. खाली एक लाल बदाम, त्याच्याखाली गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. शी!

पण खरी शिसारी आली ती स्वतःची. 'संत्र्याच्या बागा मला साद घालतात.' 'नियतीनं मला माझ्या मातीपासून तोडलं.' कोण ही बया?

जुन्या साइटवर हे खपून गेलं, कारण प्रत्येक लेखाखाली माझा थोरला भाऊ होता. दादा अजून तिथेच शेती करतो. बागांच्या लेखाखाली त्यानं लिहिलं होतं, "बेबी, खोटं बोलून राहिली. ओलिताले, झाडाईले पाणी द्याले बोलावलं की तुझं पोट दुखे." नियतीखाली, "नियती कायची? जामसांवलीच्या हनुमानजीले शहरातला नवरा तूच मागून आली होती." आणि स्टेशनावरच्या माझ्या अश्रूंखाली, "तू कुठं रडली? खिडकी भेटली म्हणून हासून राहिली होती. बाबा रडून राहिले होते, खांबामागं."

बाबा रडले हे मला त्या ओळीनं कळलं. तोवर बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

नव्या घरी लेख सगळे आले. दादा आला नाही. "कॉमेंट्स ट्रान्सफर नाही होत, आजी," सई म्हणाली, जसं काही माळ्यावरची अडगळच राहिली. माझं खोटं तेवढं पॅक होऊन सुखरूप पोचलं होतं.

दादाला फोन करून म्हटलं, नव्यावर येऊन पुन्हा लिही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "ते मले विचारून राहिलं, तुमच्या आवडी निवडा. मेडिटेशन, स्किनकेअर, स्टार्टअप. मी बंद करून टाकलं."

"अरे, पण तुझं सगळं पुसलं जाईल!"

"खोटं तू लिहायचं, अन् मेहनत दोनदा मी करायची? तुले पाहिजे त तूच लिही."

जुनी साइट महिनाअखेरपर्यंत उघडी आहे. रोज दुपारी त्याची एकेक ओळ उचलते आणि लेखात, माझ्या वाक्याच्या छातीवर नेऊन बसवते. सई म्हणते, फ्लो तुटतो. तुटू दे. काही ठिकाणी माझं वाक्य काढून नुसतं त्याचं ठेवलं, लेख सुधारला.

गाव सोडून गेलेल्यांनो, सामान हलवताना आपलं लिहिलेलं मागाहून न्या, आधी आपल्याशी भांडणारे उचला. मला तरी आता घर म्हणजे एवढंच उरलंय: तो एक माणूस, ज्याच्यापुढे गोड लिहिण्याची सोय नाही. हा लेखही त्याला पाठवलाय. उत्तर येईपर्यंत यातलं काही खरं धरू नका.